जमनाची पाटी

१

"घरात नको म्हणालीस म्हणून दारात ठेवली. आता दारात बी नको? मग काय, डोक्यावर घेऊन झोपू?"

"आई, मी असं म्हणाले का? गॅलरीत ठेवा म्हटलं."

"गॅलरीत तुजे कपडे वाळतात. उद्या कपड्यांना वास आला की परत माजंच नाव."

"मग देऊन टाका ना कुणाला तरी! नाहीतरी आता तिचा काय..."

"देऊन टाक? बाय, तुज्या बापाच्या शिरगावच्या वाडीतल्या केळी तोडून टाक, असं बोलले का मी कदी?"

सोमवारची सकाळ होती, सात वाजून गेले होते. हिमानीच्या एका पायात सँडल होती आणि दुसरी हातात. साडेसातला नाक्यावर कंपनीची बस येते आणि ती कुणाच्या सासूसाठी थांबत नाही. दर्पण डबा पिशवीत कोंबत दोघींच्या मधून वाट शोधत होता. जमना उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. तिच्या पुढ्यात, नव्या गुळगुळीत फरशीवर, तीनशे दोन नंबरच्या दाराच्या बरोबर मधोमध ती पाटी होती. बांबूची, बुडाला डांबर चोपडलेली, काठाला लाल चिंधी बांधलेली. तोंड वर करून ठेवलेली.

आदल्या दिवशीच किनाऱ्यावरच्या मुरब्याहून सामान आलं होतं. बिल्डिंग इतकी नवी की लिफ्टच्या भिंतींवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. बत्तीस फ्लॅट, राहायला आलेली बिऱ्हाडं सात. सर्वांत वरच्या मजल्यावर अजून लाद्या कापायचं काम चालू होतं. तिसऱ्या मजल्यावर तर हे एकटेच. आणि तरीही बिल्डरचा माणूस ललित याने रात्रीतच फोन केला होता. फ्लॅट बघायला पार्ट्या येतात, दारात मच्छीची पाटी बरी दिसत नाही, तेवढी जरा आत घ्या.

पण भांडण पाटीवरून नव्हतंच. दिवाळीनंतर जमनाच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. तीन महिन्यांत तिने एक बोंबील विकला नव्हता. कुणी विचारलं की म्हणायची, "पुढच्या महिन्यापासून बसते बाजारात." पुढचा महिना आला की तो मागे जायचा. घरातल्या तिघांनाही कळत होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

"चाळीस वर्सं," जमना बोट नाचवत म्हणाली, "चाळीस वर्सं ही पाटी किनाऱ्यावर मांडली मी. एक दिवस पालथी घातली नाय. ताप असू दे, सुतक असू दे. आन् आज तुमी दोन दिवसांचे फ्लॅटवाले..."

"आये, बस चुकंल," दर्पण म्हणाला.

लिफ्टचं दार लागलं. भांडण मिटलं नाही, नुसतं अर्ध्यावर थांबलं.

त्या एकाएकी पडलेल्या शांततेत जमनाला खालून आवाज आला. जिन्याच्या पार तळातून. खर्रर्र. लांब, जड, ओला.

वाळूवर होडी ओढतात तसा.

"सिमेंटच्या गोणी ओढत असतील," ती स्वतःशीच म्हणाली आणि दार लावून घेतलं. घड्याळात सव्वासात झाले होते.

२

नव्या घरात एकट्या माणसाला बसायला जागा सापडत नाही. जमना हॉलमध्ये बसली तर भिंती तिचा श्वास तिलाच परत ऐकवायच्या. स्वयंपाकघरात गेली तर ओट्याचा काळा दगड असा चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं, आणि आपलं तोंड बघत भांडी घासायची सवय तिला कुठली? रंगाचा वास नाकात चढायचा. मुरब्याला दाराशी बसलं की चार जणी येता-जाता टोमणा मारून जायच्या. इथे टोमणा मारायलाही कुणी नाही. एक सून आहे, ती सकाळी जाते.

मंगळवारी आठ वाजता ती चहाची भांडी विसळत होती. आवाज परत आला. खर्रर्र. पण आज तो तळाशी थांबला नाही. मागून पावलं ऐकू आली, जिना चढणारी, सावकाश, ओझं घेतलेल्या माणसाची. ओझं कसं ऐकू येतं हे ज्याने ओझं वाहिलंय त्यालाच ठाऊक. टाच आधी टेकते, मग पायरी क्षणभर गप्प होते, मग दुसरी टाच. पावलं थांबली. मग टप, टप, टप. काहीतरी निथळत होतं.

जमनाने नळ बंद केला. टपटप नळाची नव्हती.

ती भिणारी बाई नव्हती. पदर खोचला, दार उघडलं आणि जिन्याने खाली निघाली. लिफ्टमध्ये ती बसत नसे. "बंद पेटीत मेल्यावर जायचंच हाय," म्हणायची. एकेका पायरीला गुडघे कुरकुरत होते. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिन्याला सहा वळणं. खालून मोजलं तर पहिल्या वळणापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या ओल्या होत्या, आणि वळणाशी ओल संपली होती. ठिपके नव्हते, ओघळ नव्हते. एक सरळ रेघ. रेघेच्या कडेला पांढरट फेस आणि चिमूटभर बारीक वाळू.

तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारं.

"कृष्णकांत!" तिने वॉचमनला हाक मारली. "कोण आलं होतं रं जिन्यानं?"

कृष्णकांत खुर्चीतून उठला. "कोण नाय, मावशी. लादीवाले बी लिफ्टनं जातात. जिना आता तुमच्याशिवाय कोण चढतो?"

"मग पाणी?"

"टँकरचं असंल. सांडलं असंल कुणाकडून."

"खारं हाय."

"बोईसरला टँकरचं पाणी गोड कदी होतं?" तो हसला आणि फडकं आणायला गेला.

बोलणं बरोबर होतं. जमना वर आली. उत्तर मिळालं की माणसाने समाधान मानावं, ती मानायला तयार होती. फक्त वर आल्यावर तिने पाटीत डोकावून बघितलं. पाटी कोरडी होती.

३

बुधवारी तिने घड्याळासमोरच बैठक मारली. आठ वाजले, काही नाही. सव्वाआठ, साडेआठ, काही नाही. जमना मनातल्या मनात स्वतःला हसली. वय झालं की कानात समुद्र राहतो म्हणतात, त्यातलाच प्रकार.

पावणेनऊला खर्रर्र झालं.

पावलं चढली. पहिलं वळण गेलं. पहिला मजला आला. तिथे थांबली. टप, टप, टप.

जमनाचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. तिने त्याला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांची खोड ती. काल आठ, आज पावणेनऊ. परवा, भांडणाच्या दिवशी, सव्वासात. रोज पाऊण तास पुढे. जगात एकच गोष्ट रोज अशी पाऊण तास उशिरा येते, आणि ती येते म्हणून तर मुरब्याच्या बाया सकाळी घड्याळ न बघता किनाऱ्यावर हजर असतात.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. तिथी वाचायला ती स्वतःच शिकली होती, म्हावरं गुंडाळायच्या रद्दीवरून. आज एकादशी. रविवारी सामान आणलं ती अष्टमी होती. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं. तिथून रोज थोडं थोडं वर. अमावास्येला उधाण.

समुद्र इथून आठ-दहा किलोमीटरवर. मध्ये रेल्वेचे रूळ, कारखाने, धूर, रिक्षांचे स्टँड. कुठल्या वाटेने येईल तो? आणि आलाच तर बत्तीस फ्लॅट सोडून जिन्याने रांगेत येईल?

"खुळी झालीस जमने," ती मोठ्याने म्हणाली. भिंतींनी ते परत ऐकवलं.

मग तिने वळणं मोजली. बुधवारी दुसरं, म्हणजे पहिला मजला. गुरुवारी तिसरं. शुक्रवारी दुसरा मजला. शनिवारी पाचवं वळण. रविवारी अमावास्या, आणि सहावं वळण म्हणजे तिचं दार. वेळही तिने काढली. पावणेबारा.

मोजून झाल्यावर तिला वाटलं, मोजलं नसतं तर बरं झालं असतं.

४

संध्याकाळी तिने दर्पणला सांगितलं. होडीचं नाही सांगितलं, नुसतं आवाजाचं.

"पंप असतो, आये. टाकी भरतात. नव्या पायपांत हवा राहाते, ती अशी ओरडते."

"रोज पाऊण तास उशिरा?"

"कृष्णकांत चालू करतो. त्याच्या झोपेवर हाय सगळं."

हिमानी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आई, दिवसभर एकट्या बसता, त्यानं होतं. रविवारी आपण सगळे पालघरला जाऊ, बाजार फिरू." आवाजात माया होती, जमनाला ती कळली. पण लगेच पुढे, "आणि ती पाटी तेवढी आत घ्या हो. ललितचा परत फोन होता."

झालं. सासूच्या ओठांवर आलेलं सगळं तिथेच थिजलं. कारण पाटी आत घ्यावी हे जमनाच्या मनात दुपारपासूनच होतं, आणि आता सुनेने सांगितलं म्हटल्यावर ती घेणं शक्यच नव्हतं. माणूस भुतापुढे वाकेल एक वेळ, सुनेपुढे कसा वाकेल?

पाटी आत का घ्यायची होती, ते सांगायला हवं.

मुरब्याच्या किनाऱ्यावर बाया होडी यायच्या आधीच आपापली पाटी वाळूवर मांडतात. जिची पाटी आधी, तिचा त्या होडीवर हक्क. बाई मग घरी जाऊन भाकऱ्या थापून आली तरी चालतं, पाटी तिच्या वतीने बसलेली असते. तोंड वर म्हणजे माल हवा. आज नको असेल तर पाटी पालथी घालायची, म्हणजे खलाशी पुढे जातात. आणि एक गोष्ट तान्ह्या पोरीलाही ठाऊक असते. पालथी घालायची तर माल पडायच्या आधी. पाटीत एकदा माल पडला की तो तुझा, कसाही असो. भरलेली पाटी कुणी परत घेत नाही.

आणि जमनाने रविवारी सुनेवर रागावून, पाय आपटत, आपली पाटी मांडली होती. इथे, दारासमोर, तोंड वर करून. मनात काही नव्हतं. हाताची सवय. होडी कुठली, खलाशी कोण, हे बघितल्याशिवाय चाळीस वर्षांत तिने कधी पाटी मांडली नव्हती, आणि या नव्या घरी पहिल्याच दिवशी मांडून बसली.

संध्याकाळच्या भरतीला जिना गप्प असायचा. त्याचंही जमनाला नवल वाटलं नाही. पाट्या सकाळच्याच भरतीला मांडतात.

गुरुवारी साडेनऊला पावलं तिसऱ्या वळणाशी आली.

५

शुक्रवारी दोघं कामावर गेल्याबरोबर जमनाने पाटी उचलली आणि गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या मागे कोंबली. पालथी घालायला मात्र हात वळला नाही. वर जुनी चादर टाकली. सून येण्याआधी परत दारात ठेवू, कोण बघतंय! पाटी उचलली त्या जागी फरशीवर एक गोल ओला डाग होता. पाटी कोरडीठाक, आणि खाली डाग. तिने फडक्याने पुसला.

सव्वादहा वाजले.

खर्रर्र. मग पावलं. ती दाराला आतून पाठ लावून उभी राहिली. पहिलं वळण, पहिला मजला, तिसरं वळण. तिथे थांबतील, हक्काची पाटीच नाही म्हटल्यावर मागे फिरतील, असं तिने मनाशी धरलं होतं. पावलं जराही अडखळली नाहीत. दुसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली. टप, टप. आता वासही आला. म्हावऱ्याचा वास जमनाला चंदनासारखा, पण हा तो नव्हता. खोल चिखलाचा होता, जिथलं जाळं कुणी वर काढू नये अशा जागेचा.

आवाज उतरून गेला तेव्हा तिने दार उघडलं. पुसलेल्या जागी डाग परत उमटला होता. गोल, ओला, दाराच्या बरोबर मधोमध.

बरोबरच होतं. बाई पाटी उचलून घाम पुसायला बाजूला गेली म्हणून तिची जागा जात नाही.

ती परत आत आली आणि ओट्यापाशी पाट घेऊन बसली. तिला तेव्हा कशाची भीती वाटली असेल? स्वतःची नाही. तिचं जगून झालं होतं. पण माल घरात येतो तो घरातले सगळे खातात. पाटी तिची असली तरी घर लेकाचं आणि सुनेचं होतं. अकरा महिन्यांचा भाड्याचा करार, भिंतीवर नुकताच लावलेला दोघांचा लग्नातला फोटो, हिमानीने हौसेने आणलेले सहा नवे कप. जे येईल ते त्या कपांपर्यंत येणार होतं.

त्या दिवशी ती पाटी दारात परत ठेवायची विसरली. हिमानीने आल्याबरोबर मोकळं दार बघितलं. नुसतं हसली. ते हसणं जमनाला भरतीपेक्षा जास्त लागलं.

६

शनिवारी अकरा वाजता जमना स्वतःच जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. हातात लाटणं घेतलं होतं. त्याने काय होणार होतं, देव जाणे.

जिना उजेडात होता. नव्या खिडकीतून ऊन आलेलं, पांढऱ्या भिंती, वरच्या मजल्यावर लाद्या कापायचा किर्र आवाज. अशा वेळी असं काही नसतं. असल्या गोष्टी अंधारात असतात, पिंपळाखाली असतात, लहानपणापासून तसंच सांगितलेलं. उन्हात, ऑइल पेंट मारलेल्या कठड्याच्या जिन्यात नसतात.

पावलं आली. पाचव्या वळणाशी थांबली. तिच्यापासून दहा पायऱ्या खाली.

तिने कठड्यावरून वाकून बघितलं.

भिंतीकडे तोंड करून कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. डोक्यावर ओझं, ओझ्यावर ओलं फडकं. खलाशी असेच थांबतात, पाणी निथळून जावं म्हणून, म्हणजे बाईच्या पाटीत नुसता माल पडावा. उभं राहण्यात घाई नव्हती, राग नव्हता. कामावरचा माणूस. पायांखाली पाणी साठत होतं आणि पायऱ्यांवरून खाली न जाता रेघेशी थांबत होतं.

फडक्याखाली ओझं हललं.

मासळी हलते तेव्हा तडफडते, जमनाने लाखो वेळा बघितलेलं. हे तडफडत नव्हतं. झोपेत कूस बदलतात तसं हलत होतं.

जमना आत आली, दार लावलं, कडी घातली आणि लाटणं जागेवर ठेवलं. ते दोनदा खाली पडलं.

७

रविवारी पालघरचा बेत होता, पण हिमानीने आधी घर आवरायला काढलं. साडेअकराला जमना अंघोळ करून बाहेर आली तर गॅलरीतलं वॉशिंग मशीन पुढे सरकवलेलं, जुनी चादर बादलीत भिजत घातलेली.

"पाटी कुठाय?"

"दारात ठेवलीय," हिमानी केर भरता भरता म्हणाली. "भंगारवाला येतोय बारा वाजता."

"कशी ठेवलीस?"

"कशी म्हणजे?"

"तोंड वर का खाली?"

"आई, पाटीला कसलं आलंय तोंड!" हिमानीने सुपली आपटली. सोमवारपासून अर्ध्यावर थांबलेलं सगळं तिच्या गळ्याशी आलं होतं. "घरात लपवून ठेवता, मला सांगत नाही. मी काय शत्रू आहे का तुमची? गुडघे बघा तुमचे. रात्री झोपेत कण्हता, मी ऐकते. तुम्ही आता बाजारात बसणार नाही, आई. एकदा कबूल केलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"हिमानी," दर्पण म्हणाला.

"नाही, बोलू दे मला! तुम्ही कुणी बोलत नाही म्हणून त्या रोज आशेला लावून बसतात!"

"माज्या धंद्याचं तोंडातून काढू नको!" जमना कडाडली. "तुज्या नवऱ्याचं शिक्षण त्या पाटीतून झालं. तुजं मंगळसूत्र त्या पाटीतून..."

खर्रर्र.

तिघांच्याही माना दाराकडे वळल्या. घड्याळात पावणेबारा.

"पंप," दर्पण म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच पटला नाही, कारण पंप जिना चढत नाही. पहिलं वळण. पहिला मजला. हिमानीने नकळत सासूचा दंड धरला. तिचे डोळे विचारत होते आणि जमनाचे सांगत होते, हो, हेच. तिसरं वळण. दुसरा मजला. पाचवं. नव्या घरात सहा कप एकमेकांना लागून किणकिणले.

मग पावलं सपाट फरशीवर आली आणि दाराच्या फटीतून पाणी आत आलं. पातळ, फेसाची कड असलेलं, अगदी सावकाश, पाहुणा चप्पल काढून येतो तसं.

"दार उघडू नका," हिमानी कुजबुजली.

"न उघडून काय होतंय, बाय," जमना म्हणाली. "पाटी भाएर हाय."

तिने दार उघडलं.

तिने वर बघितलं नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मान आपोआप खालीच राहिली. तिला दिसली ती पाटी, तोंड वर, आणि पाटीच्या काठावर टेकलेली चार बोटं. फार दिवस पाण्यात राहिलेली, पांढरी, सुरकुतलेली. दुसरा हात वर कुठेतरी ओझं कलतं करत होता. फडक्याची कड पाटीच्या आत आली होती.

जमनाने दोन्ही हातांनी पाटी हिसकली. गुडघे इतके मोठ्याने वाजले की दर्पणला वाटलं हाड मोडलं. तिने ती गर्रकन फिरवली, डांबराचं बूड वर करून फरशीवर आदळली आणि तिच्यावर बसली. सगळा भार टाकून, मांड्या फाकवून, बाजारात बसावं तशी बसली. आणि बोलली.

८

बोलली ते सांगायचं आहेच, पण त्याआधी पुढचं.

दाराबाहेरचं ते उगाच क्षणभर उभं राहिलं. मग ओझं परत डोक्यावर चढवल्याचा एक उसासा आला, आणि पावलं वळली. सहावं वळण, पाचवं, चौथं, अशी उतरत गेली. घरात आलेलं पाणी फटीतून जसं आलं होतं तसं गेलं, फरशी कोरडी ठेवून. तळाशी खर्रर्र झालं, उलट्या बाजूने, होडी पाण्यात लोटतात तसं. मग वरच्या मजल्यावरची लाद्या कापायची मशीन चालू झाली आणि इतका गोड आवाज जमनाने जन्मात ऐकला नव्हता.

जमनाला उठता येईना. गुडघे अडकले होते. एका बाजूने दर्पण, दुसऱ्या बाजूने हिमानी, दोघांनी ओढली, पाटीही बुडाला चिकटून थोडी वर आली, आणि आधी हिमानीला हसू फुटलं की जमनाला, हे नंतर कधी ठरलं नाही. तिघं उंबऱ्यात बसून इतकी हसली की कृष्णकांत लिफ्टने वर आला.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय रं. जिना पुसलास का?"

"आज पाणी कुठं हाय? कोरडा ठाक जिना."

भंगारवाल्याला हिमानीनेच परत पाठवलं. पाटी आता गॅलरीत आहे, पालथी. तिच्या बुडावर हिमानी मिरच्या वाळत घालते आणि कपड्यांना वास लागला तर लागू दे म्हणते. जमना सकाळी आठपर्यंत झोपते. आठवड्याभराने एका सकाळी उठली तेव्हा भरती येऊन गेलेली होती आणि तिला कळलंही नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आधी तिला चोरी केल्यासारखं वाटलं, मग अंगावरून गोणी उतरल्यासारखं. आता ती लिफ्टमध्येही बसते. रविवारी हिमानीबरोबर मच्छीबाजारात जाते आणि तिथल्या बायांना पापलेट कसं निवडायचं यावरून इतकं सुनावते की त्या तिला बघून कल्ला उघडूनच दाखवतात.

पुढची अमावास्या सोमवारी आली. हिमानीने मुद्दाम सुट्टी घेतली होती, डोकं दुखतं म्हणून. पावणेबाराला दोघी ओट्यापाशी नव्या कपांतून चहा घेत बसल्या. खाली काहीतरी घरघरलं. हिमानीचा हात जमनाच्या हातावर आला. घरघर वाढली, पाइपांतून वर गेली, टाकीत पाणी पडायला लागलं.

"पंप," जमना म्हणाली.

"पंपच," हिमानी म्हणाली, आणि दोघींनी आणखी अर्धा अर्धा कप घेतला.

सासू-सुनेत त्यानंतर भांडणं झाली नाहीत असं नाही. रोज होतात, झाल्याशिवाय दोघींना जेवण जात नाही. पण ते एक भांडण, दिवाळीपासून घरात कोंडून राहिलेलं, त्या रविवारी पालथ्या पाटीवर बसल्या बसल्या मिटलं. जमनाचं तोंड दाराबाहेर होतं, मान खाली होती, आवाज मात्र भर बाजारातला, म्हणजे बाहेरच्यालाही ऐकू जावा आणि घरातल्यांनाही. ती म्हणाली:

"चाळीस वर्सांत कदी घातली नाय ती पाटी आज पालथी घातली मी, ने तुजा माल परत, जमनानं धंदा सोडला!"